तुमच्या कोटेशनचा फायदा कोणाला होतोय?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: "यंत्रांचे सुटे भाग बनवणारा आमचा छोटा कारखाना आहे. आम्ही दोघं भागीदार. एका मोठ्या कंपनीने याआधी दोनदा आमच्याकडून कोटेशन मागवलं. दोन्ही वेळा आम्ही मार्जिन कमी करून भाव दिला, नमुने बनवून दिले, त्यांची माणसं कारखाना बघून गेली. ऑर्डर मात्र दोन्ही वेळा त्यांच्या जुन्याच पुरवठादाराकडे राहिली. आता तिसऱ्यांदा विचारणा आली आहे. पर्चेस मॅनेजर म्हणतात, 'मागच्या भावापेक्षा आठ टक्के खाली या, या वेळी काम नक्की तुमचं.' माझा भागीदार म्हणतो, एकदा तोटा सोसू, पण आत शिरू. मी गेम थिअरीबद्दल, म्हणजे समोरचा काय करेल ते धरून आपली चाल ठरवायच्या शास्त्राबद्दल, बरंच वाचलंय, कैद्यांचा पेच, जशास तसं वगैरे. पण ते इथे कसं लावायचं हे कळत नाही. किती खाली यावं? आणि दुसऱ्या मोठ्या ग्राहकाची ऑर्डर हातात आहे असं खोटंच सांगून दबाव आणावा का?"

उत्तर:

किती खाली यावं, हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. त्याआधी एक गोष्ट शोधून काढायला हवी. ज्या दोन वेळा ऑर्डर तुम्हाला मिळाली नाही, त्या वेळी जुन्या पुरवठादाराचा भाव किती उतरला? माझा अंदाज आहे की चांगलाच उतरला असणार. तसं असेल तर तुमचं कोटेशन वाया गेलं नाही, त्याने आपलं काम चोख केलं. फक्त त्याचा फायदा तुम्हाला झाला नाही. कंपनीने तुमच्या खांद्यावर बंदूक ठेवली आणि त्याबद्दल तुम्हाला काहीच मिळालं नाही. पर्चेस मॅनेजरना मी दोष देणार नाही, स्वस्तात माल मिळवणं हेच त्यांचं काम आहे. पण तिसऱ्यांदा खांदा देण्याआधी तुम्ही त्याचं मोल मागायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

हे नेमकं कसं घडतं ते आकड्यांत बघू. आकडे मी कल्पनेने धरतोय, तुमचे खरे आकडे त्या जागी घालून बघा. समजा जुना पुरवठादार आज एका नगाला १०० घेतो आणि त्याला तो ७८ ला पडतो. तुम्हाला तोच नग ८४ ला पडतो. कंपनीला १०० नग हवेत. तुम्ही सगळ्या ऑर्डरसाठी ९२ चा भाव दिलात. आता पुढे काय होणार, ते शेवटाकडून मागे येत बघा. तुमचं कोटेशन हातात आलं की पर्चेस मॅनेजर जुन्या माणसाला बोलावतील आणि विचारतील, "एवढ्यात देतोस का?" त्याच्यापुढे दोन रस्ते. भाव जुळवला तर नगामागे १४, म्हणजे एकूण १४०० नफा. नाही जुळवला तर शून्य. तो जुळवणारच. तुम्ही ८८ दिलेत तरी तो जुळवेल, ८० दिलेत तरी जुळवेल. ७८ च्या खाली गेलात तरच तो बाजूला होईल, आणि तेव्हा तुम्ही दर नगामागे सहाहून जास्त घालवत असाल.

म्हणजे शेवटचा शब्द जुन्या पुरवठादाराचा असेल आणि त्याचा खर्च तुमच्यापेक्षा कमी असेल, तर तुमच्या हातात असा एकही भाव नाही ज्यात ऑर्डरही मिळेल आणि नफाही होईल. आठ टक्के, दहा टक्के, बारा टक्के, काहीही करा. दर टक्क्याने फक्त कंपनीची बचत वाढते.

यात आणखी एक धोका आहे आणि त्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. समजा या वेळी जुन्याने खरंच हात वर केले आणि ऑर्डर तुम्हाला मिळाली. का मिळाली? तो माणूस हा भाग कित्येक वर्षं बनवतोय. किती माल रिजेक्ट होतो, ड्रॉइंग मध्येच कितीदा बदलतं, बिलं किती उशिरा निघतात, हे सगळं त्याला ठाऊक आहे आणि तुम्हाला नाही. एवढं ठाऊक असणारा माणूस ज्या भावाला नको म्हणतो, तो भाव तुम्हाला परवडेल का? १९७१ साली तीन पेट्रोलियम अभियंत्यांनी समुद्रातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावांबद्दल हेच दाखवून दिलं होतं. खाली किती तेल आहे याचा अंदाज प्रत्येक कंपनी बांधते, आणि लिलाव बहुतेकदा तीच जिंकते जिचा अंदाज सगळ्यात जास्त फुगलेला असतो. जिंकणं हीच धोक्याची खूण ठरते. तुमच्याकडे लिलाव उलटा चालतो एवढाच फरक. इथे सगळ्यात कमी खर्च धरणारा जिंकतो आणि मग ती चूक वर्षभर निस्तरत बसतो.

तुमच्यासारख्याच जागी एक बरीच मोठी कंपनीही सापडली होती. अ‍ॅस्पार्टेम नावाचं कृत्रिम गोडी आणणारं द्रव्य मोन्सँटोची न्यूट्रास्वीट कंपनी विकत असे. युरोपातलं पेटंट १९८७ मध्ये संपलं, तेव्हा हॉलंड स्वीटनर या नव्या कंपनीने नेदरलँड्समध्ये कारखाना उभारून स्पर्धेत उडी घेतली. मोन्सँटोने तिथले भाव जोरात पाडले. अमेरिकेतलं पेटंट १९९२ च्या अखेरीस संपणार होतं आणि हॉलंड स्वीटनरचा डोळा त्या बाजारावर होता, कारण सगळ्यात मोठे ग्राहक कोका-कोला आणि पेप्सी तिथे होते. पेटंट संपण्याच्या तोंडावर दोघांनीही मोन्सँटोशीच नवे दीर्घ मुदतीचे करार केले, अर्थात आधीपेक्षा बऱ्याच कमी भावाने. ब्रँडनबर्गर आणि नेलबफ या अभ्यासकांनी ही हकीकत लिहिली आहे. त्यांच्या हिशेबाने कोक आणि पेप्सीची मिळून वर्षाला सुमारे २० कोटी डॉलरची बचत झाली. ती बचत घडवून आणली हॉलंड स्वीटनरच्या नुसत्या हजेरीने, आणि तिच्या पदरात त्यातलं फारसं काहीच पडलं नाही. या दोघांचा निष्कर्ष असा की मैदानात उतरण्याआधी, ग्राहकाला गरज होती तेव्हाच, हॉलंड स्वीटनरने त्याच्याकडून काहीतरी पक्कं करून घ्यायला हवं होतं. एकदा उतरल्यावर मागायला हातात काही उरत नाही.

तुम्ही अजून तिसरं कोटेशन दिलेलं नाही. म्हणजे ती वेळ अजून गेलेली नाही.

आता काय मागायचं? माझा आग्रह आहे की सगळी ऑर्डर मागू नका. हे ऐकून भागीदार चिडतील, पण वरचेच आकडे पुन्हा घ्या. समजा तुम्ही सांगितलंत की आम्ही फक्त २० नग देऊ शकतो, ९२ ने. जुन्या पुरवठादारापुढे आता वेगळाच हिशेब येतो. त्याने तुमचा भाव जुळवला तर तो सगळ्या १०० नगांना लागू होणार, कारण एकाच पुरवठादाराकडून एकाच भागाला दोन भाव कुठलाही पर्चेस मॅनेजर मान्य करणार नाही. तेव्हा त्याचा नफा १४०० वर येतो. त्याऐवजी त्याने ते २० नग तुमच्यासाठी सोडले आणि उरलेले ८० जुन्याच १०० च्या भावाने दिले, तर त्याचा नफा १७६० होतो. त्याला तुम्हाला जागा देणं परवडतं! या आकड्यांत ३६ नगांपर्यंत हेच उत्तर येतं. ३७ मागितलेत की तो लढायला उठतो. तुम्ही मात्र २० नगांवर नगामागे आठ कमावता, एकूण १६०, आणि तेही तोटा न सोसता. ज्युडिथ गेलमन आणि स्टीव्हन सॅलप या अर्थतज्ज्ञांची नावं तुम्ही वाचलीही असतील. त्यांच्या १९८३ च्या मांडणीचा गाभा हाच होता की नवा खेळाडू लहान राहायला तयार असेल, तर मोठ्याला त्याच्याशी लढणं महाग पडतं.

अट एकच, तुमचं "एवढंच देऊ शकतो" हे खरं वाटलं पाहिजे, आणि त्यासाठी ते खरं असलं पाहिजे. दोन मशीन या कामाला दिली आहेत, तिसरं देणार नाही, असं लिहून द्या. स्वतःचे हात बांधून घेतल्याने सौद्यात ताकद वाढू शकते, हे थॉमस शेलिंग यांनी १९६० च्या सुमारास मांडलं आणि पुढे २००५ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पुस्तकात हे विचित्र वाटतं. पण सगळी ऑर्डर घ्यायची मोकळीक तुम्ही स्वतःकडे ठेवलीत, तर पर्चेस मॅनेजर तुम्हाला हळूहळू तिथेच ओढून नेतील, कारण त्यांच्या हिशेबाने तुम्ही १०० नगांचा भाव देणं सगळ्यात फायद्याचं. जुन्याने ९२ जुळवला की त्यांचे ८०० वाचतात. तुम्हाला फक्त २० नग दिले तर वाचतात १६०. "सगळ्या मालाचं कोटेशन द्या ना" हा आग्रह का येतो, ते यावरून लक्षात येईल.

मग त्यांनी तुम्हाला २० तरी का द्यावेत? कारण त्यांना फक्त भाव नको असतो. एकाच पुरवठादारावर अख्खी लाइन उभी असेल तर त्याचं एक मशीन बंद पडलं, त्याच्याकडे संप झाला, की कंपनीचं उत्पादन थांबतं. ही भीती पर्चेस विभागापेक्षा उत्पादन आणि क्वालिटी सांभाळणाऱ्यांना जास्त असते. त्यांच्याशी तुमची ओळख आहे का? नमुने तपासताना झालीच असेल. पुढची बैठक त्यांच्यासह व्हावी असा आग्रह धरा. समोरची कंपनी म्हणजे एक माणूस नव्हे, तिच्यात प्रत्येकाचा फायदा-तोटा वेगळा असतो. पर्चेस मॅनेजरना वरिष्ठांना बचत दाखवायची असते, प्लांटच्या माणसाला रात्री शांत झोप हवी असते. तुमचा प्रस्ताव दोघांनाही काहीतरी देणारा असू द्या.

"या वेळी काम नक्की तुमचं" या वाक्याबद्दलही सांगतो. जे बोलायला काहीच खर्च येत नाही, त्यावरून माणसाच्या मनातलं कळत नाही. ऑर्डर द्यायची असेल तरी तो हे बोलेल, नसेल तरी बोलेल. म्हणून त्यांनी असं काही करायला हवं जे द्यायची इच्छा नसलेला माणूस करणार नाही. डाय आणि फिक्स्चरचा निम्मा खर्च त्यांनी आधी द्यावा. किंवा छोटी ट्रायल ऑर्डर, पैसे देऊन. किंवा सहा महिन्यांत अमुक नग उचलू, न उचलल्यास ठरलेला फरक भरू, असं पत्र. किंवा निदान एकच फेरी, बंद पाकिटात भाव, आणि तुमचा आकडा जुन्याला दाखवला जाणार नाही याची लेखी हमी. यातलं काहीही चालेल. काहीच द्यायची तयारी नसेल, तर तुम्हाला तुमचं उत्तर मिळालं आणि ते फुकटात मिळालं.

बोलायचं कसं, तेही लिहून देतो, कारण अशा वेळी शब्द सापडत नाहीत आणि माणूस भावावरच घसरतो: "साहेब, तुमच्याबरोबर काम करायची आमची मनापासून इच्छा आहे. याआधी दोनदा आम्ही नमुने आणि कोटेशन दिलं, त्याला आमची माणसं आणि मशीनचा वेळ लागला. या वेळी आम्ही तुमच्या गरजेचा पाचवा हिस्सा, या भावाने, वर्षभर देऊ शकतो. त्यापेक्षा जास्त सध्या जमणार नाही. फिक्स्चरचा निम्मा खर्च तुमच्याकडून मंजूर झाला की पंधरा दिवसांत पहिला लॉट येईल." एवढं बोला आणि थांबा. त्यानंतरची शांतता तुम्ही भरून काढू नका.

सूर मात्र सांभाळा. "घ्यायचं तर घ्या" असा नको. १९८२ मध्ये ग्यूट या जर्मन अर्थतज्ज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. त्यात एकाने रकमेची वाटणी सुचवायची, दुसऱ्याने ती मान्य करायची किंवा फेटाळायची, आणि फेटाळली तर दोघांनाही काही नाही. निव्वळ हिशेबी माणसाने अगदी थोडं मिळालं तरी घ्यायला हवं. प्रत्यक्षात असे प्रयोग पुढे जगभर झाले आणि फार थोडा वाटा दिला की लोक तो वारंवार फेटाळतात असंच दिसलं. अपमान झाला की माणूस स्वतःचं नुकसान करूनही नाही म्हणतो. पर्चेस मॅनेजरना वरिष्ठांसमोर मान ताठ ठेवता येईल असं काहीतरी तुमच्या प्रस्तावात हवंच.

आता तुम्ही वाचलेल्या दोन गोष्टींकडे येतो. कैद्यांचा पेच १९५० मध्ये रँड या अमेरिकी संशोधन संस्थेत फ्लड आणि ड्रेशर यांनी मांडला. दोघांनी एकमेकांना साथ दिली तर दोघांचं भलं, पण प्रत्येकाला आपला फायदा दगा देण्यात दिसतो आणि शेवटी दोघंही तोट्यात जातात, असा तो पेच. त्यात डाव एकदाच खेळायचा असतो, आणि तुमचा तसा नाही. म्हणून रॉबर्ट अ‍ॅक्सलरॉड यांनी १९८० च्या सुमारास संगणकावर घेतलेल्या स्पर्धा तुमच्या जास्त जवळच्या. तिथे हाच डाव पुन्हा पुन्हा खेळला गेला, आणि अनातोल रापोपोर्ट यांचा सगळ्यात छोटा प्रोग्रॅम, "जशास तसं" (आधी साथ द्यायची, मग समोरच्याने मागच्या वेळी जे केलं तेच करायचं), दोन्ही वेळा जिंकला. पण एक धोका लक्षात ठेवा. त्या संगणकात समोरच्याने काय केलं ते स्वच्छ दिसत होतं. तुम्हाला प्रतिस्पर्ध्याचा भाव कोण सांगतं? पर्चेस मॅनेजर. म्हणजे ज्यांचा फायदा तुम्ही घाबरण्यात आहे तेच. चुकीच्या बातमीवर तुम्ही भाव पाडलात, ते बघून त्याने पाडला, त्याला उत्तर म्हणून तुम्ही पुन्हा, तर "जशास तसं" खेळणारे दोघंही खड्ड्यात जातात. ऐकीव आकड्यावर कधीही उत्तर देऊ नका. आणि खात्री करायची म्हणून प्रतिस्पर्ध्याला फोन तर मुळीच नको, आपसात भाव ठरवणं बहुतेक देशांत गुन्हा किंवा मोठ्या दंडाचं कारण आहे.

भागीदारांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. तोटा सोसून शिरणं कधीकधी बरोबर असतं. त्यांना एकच विचारा: वर्षभराने काय बदललेलं असेल? माल वाढल्याने तुमचा खर्च ८४ वरून ७८ च्या खाली येणार असेल, आणि तो कसा येणार हे कागदावर दाखवता येत असेल, तर बोलू. किंवा कंपनीने एकदा तुमचा भाग मंजूर केल्यावर तिला परत बदलणं अवघड जाणार असेल, तरीही बोलू. पण वर्षभराने जुना पुरवठादार आजच्यासारखाच दारात उभा असेल, तर तोट्याच्या भावाची सवय तेवढी तुम्ही कंपनीला लावलेली असेल.

शिवाय तुमचे आत्ताचे ग्राहक. भाव लपून राहत नाहीत. आज १०० ला विकून तुमच्याकडे १४ उरत असतील आणि त्यांनीही आठ टक्के मागितले, तर उरतील सहा. म्हणजे जुन्या धंद्यातला निम्म्याहून जास्त नफा गेला, तोही अशा ऑर्डरसाठी जी तोट्यात चालणार. हा आकडा तुमच्या खऱ्या हिशेबाने काढा आणि भागीदारांसमोर ठेवा. वाद घालण्यापेक्षा त्याचा उपयोग होईल.

खोट्या ऑर्डरबद्दल माझं उत्तर स्पष्ट आहे, सांगू नका. ते चुकीचं तर आहेच, शिवाय उपयोगाचंही नाही. त्यांनी "ठीक आहे, मग तुम्ही तिकडेच द्या" म्हटलं की तुमच्या हातात काय राहिलं? आणि तुम्हाला या लोकांशी पुढची अनेक वर्षं व्यवहार करायचा आहे. खोटं रचण्यात जाणारा वेळ खरा पर्याय उभा करण्यात घाला. दोन-तीन मध्यम ग्राहकांकडे आत्ताच विचारणा करा. त्यातलं एक काम जरी पुढे सरकलं, तरी बैठकीत तुमचा आवाज आपोआप बदलेल, आणि कुठल्या भावाखाली उठून जायचं तो आकडाही ठरेल. तो आकडा बैठकीआधी दोघांनी सही करून ठेवा.

शेवटचं, घाई कोणाला आहे ते शोधा. अर्थतज्ज्ञ एरियल रुबिनस्टाइन यांनी १९८२ मध्ये गणिताने दाखवलं की आळीपाळीने प्रस्ताव देत घासाघीस चालते तेव्हा ज्याला थांबणं कमी महाग पडतं त्याचा वाटा मोठा होतो. त्या कंपनीचा जुन्या पुरवठादाराशी असलेला करार कधी संपतो? प्लांटच्या माणसाला सहज विचारलं तर तो बहुधा सांगेल. करार संपायला महिना उरला असेल तर घाई त्यांना आहे, आणि तुम्ही आठवडाभराने उत्तर दिलंत तरी चालेल. वर्ष उरलं असेल तर ही विचारणा फक्त भाव पाडण्यासाठीच आहे असं समजा, नेहमीच्या दराचं एका पानाचं कोटेशन पाठवा, नमुने न बनवता.